नाकारलेल्यांसाठी उभे राहिलेले मैदान

१८ सप्टेंबर १९७६ रोजी स्वीडनमधल्या माल्मो शहरात ५० किलोमीटर चालण्याची एक शर्यत झाली. सोव्हिएत संघाचा वेनियामिन सोल्दातेंको ३ तास ५४ मिनिटे ४० सेकंदांत पहिला आला. मेक्सिकोचा एन्रिके वेरा दुसरा आणि फिनलंडचा रेइमा सालोनेन तिसरा. माँट्रियलचे ऑलिंपिक संपून सात आठवडे झाले होते, जगाचे लक्ष खेळांवरून उडाले होते आणि त्या एका शर्यतीपलीकडे त्या दिवशी दुसरे काहीही नव्हते. तरीही ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तिला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा दिला होता. आज उसेन बोल्ट, मोंडो डुप्लांटिस, नीरज चोप्रा यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेचा हा खरा आरंभ आहे.

ही शर्यत भरवावी लागली, कारण १९३२ पासून ऑलिंपिकमध्ये असलेली ५० किलोमीटरची चाल १९७६ च्या कार्यक्रमातून काढून टाकण्यात आली होती. ज्यांनी तिच्यासाठी आयुष्याची वर्षे घातली होती, त्यांना जायला जागा उरली नाही. महासंघाने त्यांच्यासाठी जागा केली. या स्पर्धेचा इतिहास सहसा विक्रमांची यादी म्हणून सांगितला जातो: कोण किती वेगाने धावला, कोण किती लांब उडाला. मला तो अपुरा वाटतो. ही स्पर्धा जन्मली ती कुणाला तरी बाहेर ठेवले गेले म्हणून, आणि तिची खरी थोरवी तिने कुणाकुणाला आत घेतले यावरून ठरते. तिचे अपराधही त्याच मापाने मोजावेत. ते मोजण्याची आज विशेष गरज आहे, कारण ज्यांनी ही स्पर्धा जन्माला घातली त्यांनाच ती बाहेर ढकलू लागली आहे.

महासंघाची स्थापना १९१२ ची, स्टॉकहोमची. पुढच्याच वर्षी त्याने ठरवून टाकले की ऑलिंपिकमधील ॲथलेटिक्स हेच या खेळाचे जागतिक अजिंक्यपद समजले जाईल. सोय मोठी होती, पण तिची किंमतही मोठी होती. आपल्या खेळात कोणत्या शर्यती असाव्यात आणि त्या कुणी धावाव्यात, याचा शेवटचा शब्द दुसऱ्याच्या हाती गेला. फुटबॉलने १९३० मध्ये स्वतःचा विश्वचषक सुरू केला. ॲथलेटिक्स मात्र सत्तर वर्षे परक्या छपराखाली राहिले, आणि त्याची सर्वांत जास्त झळ स्त्रियांना बसली.

ॲलिस मिलिया ही फ्रान्समधली नौकानयनपटू. १९२० च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ॲथलेटिक्स नव्हतेच. ऑलिंपिक समिती आणि महासंघ दोघेही दार उघडायला तयार नाहीत हे पाहून तिने १९२१ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि १९२२ मध्ये पॅरिसमध्ये एका दिवसाची स्त्रियांची ऑलिंपिक स्पर्धा भरवली. पाच देशांच्या स्त्रिया आल्या. ऑलिंपिकचे नाव वापरल्याबद्दल समितीने आक्षेप घेतला, म्हणून पुढच्या स्पर्धा स्त्रियांच्या जागतिक स्पर्धा म्हणून झाल्या: १९२६ मध्ये गोथेनबर्ग, १९३० मध्ये प्राग, १९३४ मध्ये लंडन. ॲथलेटिक्समध्ये जगभरच्या खेळाडूंची स्वतंत्र स्पर्धा ही कल्पना पुरुषांच्या महासंघाला सुचण्याआधी पन्नासहून अधिक वर्षे एका स्त्रीने प्रत्यक्षात आणली होती. जागतिक स्पर्धेचे इतिहास लिहिताना १९८३ च्या पहिल्या पूर्ण स्पर्धेपासून सुरुवात करणारे लोक मिलियाला विसरतात, याचे मला वाईट वाटते.

मिलियाच्या दबावामुळे १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी पाच प्रकार ठेवले गेले. कबूल केलेल्या संख्येपेक्षा ते इतके कमी होते की ब्रिटनच्या स्त्रियांनी बहिष्कार घातला. त्या पाचांत ८०० मीटरची धाव होती. जर्मनीची लीना राडके जिंकली. नऊ धावपटूंनी अंतिम शर्यत सुरू केली आणि नऊच्या नऊ जणींनी ती पूर्ण केली. तरीही काही वर्तमानपत्रांनी स्त्रिया कोसळल्याची, निपचित पडल्याची वर्णने छापली. शर्यत संपल्यावर दमून गवतावर आडवे होणारे पुरुष तेव्हाही रोज दिसत होते. पण स्त्रियांच्या बाबतीत तो त्यांच्या शरीराविरुद्धचा पुरावा ठरला. ८०० मीटर बंद झाली ती १९६० पर्यंत. म्हणजे एका खोट्या बातमीने बत्तीस वर्षे खाल्ली. स्वतःची स्पर्धा नसलेल्या खेळाची अवस्था अशी असते: निकाल मैदानावर लागतो आणि निर्णय बाहेर कुणीतरी घेतो.

म्हणूनच माल्मोनंतरचे पाऊल मला फार महत्त्वाचे वाटते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत नव्हती आणि ३००० मीटरही नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, मॉस्को संपताच, महासंघाने नेदरलँड्समधल्या सिटार्ड या गावात फक्त या दोन शर्यतींची जागतिक स्पर्धा घेतली. अडथळ्यांत पूर्व जर्मनीची बेर्बेल ब्रोशाट आणि ३००० मीटरमध्ये पश्चिम जर्मनीची बिर्गिट फ्रीडमान जिंकल्या. छोटे गाव, दोन शर्यती, बातमीत दोन ओळी. चार वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये या दोन्ही शर्यती ऑलिंपिकच्या कार्यक्रमात आल्या.

आणि लॉस एंजेलिसच्या त्याच ४०० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत पी. टी. उषा चौथी आली. सेकंदाच्या शंभराव्या भागाने तिचे कांस्यपदक हुकले. सुवर्णपदक मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किलने जिंकले. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली आफ्रिकी मुस्लिम स्त्री. उषा मॉस्कोतही गेली होती, पण तेव्हा तिला धावायला मिळाली १०० मीटर, आणि ती प्राथमिक फेरीतच थांबली. तिच्या पायांना आणि तिच्या लयीला साजणारी शर्यत तेव्हा ऑलिंपिकमध्ये अस्तित्वातच नव्हती. सिटार्डमुळेच ती शर्यत आली असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. तिच्यासाठीचा आग्रह आधीपासून चालू होता. पण जिचा जागतिक विजेता ठरलेला आहे अशी शर्यत नाकारणे, जिला विजेताच नाही अशी शर्यत नाकारण्यापेक्षा अवघड असते. उषाचा तो शंभरावा भाग आपल्याकडे चाळीस वर्षे हळहळीने सांगितला जातो. ती शर्यत उषाला मिळाली कशी, हेही त्यासोबत सांगितले गेले पाहिजे.

पूर्ण स्वरूपातली पहिली जागतिक स्पर्धा ऑगस्ट १९८३ मध्ये हेलसिंकीला झाली. तिचे महत्त्व कळायला त्या वेळचे ऑलिंपिक आठवावे लागते. १९७६ मध्ये न्यूझीलंडच्या रग्बी संघाने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला म्हणून आफ्रिकेतल्या बहुतेक देशांनी माँट्रियल सोडले. १९८० मध्ये अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अमेरिका आणि तिचे अनेक मित्र मॉस्कोला गेले नाहीत. तिथे ८० देश उरले. १९८४ मध्ये सोव्हिएत गटाने त्याची परतफेड केली. सलग तीन ऑलिंपिकमध्ये जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी कुणी ना कुणी घरीच बसले होते. या तीन तुटलेल्या स्पर्धांच्या मधोमध हेलसिंकीला १५३ देश एकत्र आले. तोवर कोणत्याही ऑलिंपिकला इतके देश आले नव्हते. अमेरिकेचा कार्ल लुईस, सोव्हिएत संघाचा एकोणीस वर्षांचा सर्गेई बुबका, चेकोस्लोव्हाकियाची यार्मिला क्राटोखविलोवा, नॉर्वेची ग्रेटे वाईट्झ एकाच आठवड्यात एकाच मैदानावर होते. राज्यकर्त्यांनी तोडलेले जग एका खेळाने एका आठवड्यापुरते जोडले. हे वाक्य मला भाबडे वाटत नाही, कारण ते आकड्यांनी सिद्ध झाले आहे.

ग्रेटे वाईट्झचे नाव मी मुद्दाम घेतले. ती हेलसिंकीला स्त्रियांच्या मॅरेथॉनची पहिली जागतिक विजेती ठरली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन त्यानंतर एका वर्षाने आली. तिथून एक क्रम सुरू होतो, आणि तो पाहिला की या स्पर्धेचे काम काय होते ते स्पष्ट दिसते. स्त्रियांची १०,००० मीटर जागतिक स्पर्धेत १९८७ मध्ये, ऑलिंपिकमध्ये १९८८ मध्ये. चालण्याची शर्यत इथे १९८७, तिथे १९९२. तिहेरी उडी १९९३, मग १९९६. बांबू उडी आणि हातोडाफेक १९९९, मग २०००. स्टीपलचेस इथे २००५, तिथे २००८. प्रत्येक वेळी आधी जागतिक स्पर्धेने धोका पत्करला, स्त्रिया हे करू शकतात हे जगाला दाखवले आणि मग ऑलिंपिकने मान्यता दिली.

एखादा प्रकार कार्यक्रमात येतो म्हणजे नेमके काय होते, हे खेळाबाहेरच्या माणसाला सहज कळत नाही. जागतिक स्पर्धेत आला की तो हळूहळू आशियाई स्पर्धेत येतो, राष्ट्रीय स्पर्धेत येतो, मग राज्य आणि विद्यापीठ पातळीवर. त्याच्यासाठी प्रशिक्षक नेमला जातो, शिबिरात जागा मिळते. रेल्वेच्या, लष्कराच्या, पोलिसांच्या खेळाडू भरतीत त्या पदकाला किंमत येते. मुलीच्या घरच्यांना सांगायला एक कारण मिळते. कार्यक्रमात नसलेल्या प्रकाराला यातले काहीच मिळत नाही, मग अंगात कितीही बळ असो.

पुरुषांचे स्टीपलचेस विसाव्या शतकाच्या आरंभापासून ऑलिंपिकमध्ये आहे. स्त्रियांना पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारून धावायला २००५ उजाडावे लागले. हेलसिंकीलाच, दुसऱ्यांदा भरलेल्या जागतिक स्पर्धेत, युगांडाची डोर्कस इन्झिकुरू पहिली विजेती झाली. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ही शर्यत पहिल्यांदा आली आणि सुधा सिंगने सुवर्ण जिंकले. २०१४ मध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर, जी तोवर मुंबई मॅरेथॉनमधली भारतीय विजेती म्हणून ओळखली जात होती, इंचिऑनला स्टीपलचेसमध्ये कांस्यपदक घेऊन आली. २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ती अंतिम फेरीत आठवी आली. पुढच्या वर्षी रिओत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून तिने ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी उषानंतरची ती पहिली भारतीय स्त्री, बत्तीस वर्षांनी.

उषा आणि ललिता. भारतीय स्त्रियांच्या ट्रॅकवरच्या दोन वैयक्तिक ऑलिंपिक अंतिम फेऱ्या, आणि दोन्ही अशा शर्यतींत की ज्या ऑलिंपिकने आधी नाकारल्या होत्या आणि जागतिक स्पर्धेने आधी स्वीकारल्या. २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने ९ मिनिटे १५.३१ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, तोही स्टीपलचेसमध्येच. माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागातल्या मुलीच्या हाती काही लागले असेल, तर ते अशा उघडलेल्या दारांतून लागले. माझ्या लेखी ललिताचे आठवे स्थान या स्पर्धेच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

विक्रमांबद्दल न बोलता पुढे जाणे अन्यायाचे होईल. ३० ऑगस्ट १९९१ ची टोकियोतली लांब उडी मी ॲथलेटिक्समधली सर्वांत मोठी झुंज मानतो. लुईस सलग ६५ स्पर्धा जिंकून आला होता. त्या संध्याकाळी त्याने वाऱ्याच्या मदतीने ८.९१ मीटर उडी मारली. बॉब बीमनच्या १९६८ च्या ८.९० मीटरपेक्षा ती लांब होती, पण वाऱ्यामुळे विक्रम म्हणून धरता येत नव्हती. पाचव्या प्रयत्नात माईक पॉवेलने ८.९५ मीटर उडी मारली. लुईसकडे दोन प्रयत्न उरले होते. त्याने ८.८७ आणि ८.८४ मीटर उड्या मारल्या, म्हणजे कोणत्याही दुसऱ्या दिवशी ज्यांनी सुवर्ण मिळाले असते अशा, आणि तो हरला. पॉवेलचा तो आकडा आजही विश्वविक्रम आहे. जोनाथन एडवर्ड्सची १९९५ ची तिहेरी उडी, १८.२९ मीटर, आणि बोल्टचे २००९ चे बर्लिनमधले ९.५८ आणि १९.१९ सेकंदही याच स्पर्धेतले आणि अजून अबाधित. बोल्टबद्दल इतके लिहून झाले आहे की इथे अधिक जागा द्यायचे कारण दिसत नाही.

पण याच मैदानावर लाज आणणाऱ्या गोष्टीही घडल्या, आणि त्या लपवून स्पर्धेवर प्रेम करता येत नाही. १९८७ मध्ये रोमला बेन जॉन्सनने ९.८३ सेकंदांत १०० मीटर जिंकली. सोल ऑलिंपिकमधल्या उत्तेजक प्रकरणानंतर त्याने कबुली दिली आणि तो विक्रम आणि ते पदक पुसले गेले. त्याच रोममध्ये यजमान पंचांनी आपल्या देशाच्या जोव्हान्नी एव्हांजेलिस्टीची लांब उडी खोट्या मापाने ८.३८ मीटर दाखवली आणि कांस्यपदक त्याला दिले. नंतर चौकशी होऊन ते अमेरिकेच्या लॅरी मायरिक्सला मिळाले. उत्तेजकापेक्षाही हे मला अधिक गंभीर वाटते, कारण इथे खेळाडूने नव्हे तर मोजणाऱ्या हातांनी फसवले होते. पुढे महासंघाचा अध्यक्ष लामीन दियाक यालाच रशियन खेळाडूंची उत्तेजक प्रकरणे पैसे घेऊन दडपल्याच्या प्रकरणात पॅरिसच्या न्यायालयाने २०२० मध्ये दोषी ठरवले. १९९९ ते २०१५ या त्याच्या कारकिर्दीत चौथ्या, पाचव्या क्रमांकावर राहिलेल्या कितीतरी प्रामाणिक खेळाडूंचा व्यासपीठावर उभे राहण्याचा क्षण चोरला गेला. पदक वर्षांनंतर टपालाने येऊ शकते, तो क्षण येत नाही.

कॅस्टर सेमेन्याची गोष्ट यापेक्षा अवघड. २००९ मध्ये बर्लिनला अठरा वर्षांची ही दक्षिण आफ्रिकी मुलगी ८०० मीटर जिंकली, आणि त्याच दिवशी तिची लिंगचाचणी मागितल्याचे महासंघाने जाहीरपणे मान्य केले. १९२८ मध्येही याच ८०० मीटरवर स्त्रियांच्या शरीराचा जाहीर पंचनामा झाला होता. स्त्रियांचा गट वेगळा ठेवायचा तर त्याला सीमा लागते, हे मला मान्य आहे. ती सीमा नसेल तर मिलियाने लढून मिळवलेले मैदानच उरणार नाही. पण सीमा आखणे आणि एका कोवळ्या मुलीला जगासमोर उघडे पाडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आपली धावपटू द्युती चंद हिने क्रीडा लवादात जाऊन २०१५ मध्ये हार्मोनविषयक नियमाला स्थगिती मिळवली. अशाच नियमाविरुद्ध दाद मागणाऱ्या सेमेन्याला न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती, असे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले. आता स्त्रियांच्या गटात उतरण्यासाठी एकदाच होणारी जनुकचाचणी आवश्यक झाली आहे. ही चाचणी करताना तरी गोपनीयता आणि माणुसकी पाळली जाते का, यावर महासंघाला जोखले पाहिजे.

आता पुन्हा चालणाऱ्यांकडे. २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत स्त्रियांची ५० किलोमीटर चाल पहिल्यांदा झाली. अवघ्या सात जणी उतरल्या. पोर्तुगालची इनेस हेन्रिकेस ४ तास ५ मिनिटे ५६ सेकंदांचा विश्वविक्रम करून जिंकली. दोन वर्षांनी दोहात ही शर्यत पुन्हा झाली. आजवरचा क्रम पाळला गेला असता तर पुढचे पाऊल ऑलिंपिक होते. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये फक्त पुरुषांची ५० किलोमीटर ठेवली गेली. हेन्रिकेस आणि इतर काहींनी लवादाकडे दाद मागितली, ती फळाला आली नाही. त्यानंतर पुरुषांचीही शर्यत ऑलिंपिकमधून गेली. १९७६ ची परिस्थिती अक्षरशः पुन्हा उभी राहिली होती. या वेळी महासंघाने माल्मो केले नाही. २०२२ पासून त्याने स्वतःच्या स्पर्धेतूनही ५० किलोमीटर काढून ३५ आणली. २०२५ नंतर तीही बदलून चालण्याची अंतरे अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉन अशी ठरली. दहा वर्षांच्या आत एका शर्यतीची तीन रूपे झाली. चार तासांच्या शर्यतीसाठी शरीर घडवायला दहा वर्षे लागतात. तो हिशेब कुणी केला?

याला उत्तर दिले जाते ते प्रेक्षकांचे. चार तासांची चाल दूरचित्रवाणीवर कोण बघणार, रस्ते अडतात, खर्च होतो, चालण्याच्या नियमभंगावरून पंचांशी वाद होतात. यातला एकही मुद्दा खोटा नाही. खेळ लोकांनी पाहिला नाही तर तो आटतो, हेही खरे. १९९७ पासून विजेत्यांना रोख बक्षीस मिळू लागले, पहिल्याला ६०,००० डॉलर, ते प्रक्षेपणाच्या पैशामुळेच. पूर्वीच्या हौशीपणाच्या नियमांनी गरीब खेळाडूंचे हाल केले होते, म्हणून मी या पैशाचे स्वागतच करतो. पण मग हेही विचारले पाहिजे की प्रेक्षकांच्याच नावाने दोहात काय झाले. २०१९ मध्ये उष्म्यामुळे स्त्रियांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करावी लागली, ६८ पैकी २८ जणी शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत, आणि मैदानातल्या खुर्च्या अनेक संध्याकाळी रिकाम्या होत्या. प्रेक्षकांचा निकष चालणाऱ्यांना लावायचा आणि यजमान निवडताना गुंडाळून ठेवायचा, हे मला पटत नाही.

२०२६ साठी बुडापेस्टला एक नवी स्पर्धा योजली गेली आहे. तीन संध्याकाळी, मोजकेच प्रकार, मोजकेच खेळाडू, एकूण १ कोटी डॉलरची बक्षिसे, विजेत्याला दीड लाख. चांगल्या खेळाडूंना चांगले पैसे मिळावेत यात चूक काही नाही. मला भीती वाटते ती वेगळी आहे. हे आटोपशीर रूप एकदा लोकप्रिय झाले की नऊ दिवसांच्या मोठ्या स्पर्धेलाही तसेच कातरा, असा आग्रह सुरू होईल. कात्री आधी लागेल ती चालणाऱ्यांना, १०,००० मीटरला, हातोडाफेकीला आणि ज्या देशांतून एकच खेळाडू येतो त्या देशांना.

कातरण्यापूर्वी टोकियो २०२५ कडे पाहावे. तिथे ५३ देशांनी पदके जिंकली, इतक्या देशांनी यापूर्वी कधीच नाही. मॅरेथॉनमध्ये टांझानियाचा अल्फोन्स सिम्बू आणि जर्मनीचा अमानाल पेट्रोस दोघांचीही वेळ २ तास ९ मिनिटे ४८ सेकंद लागली. सेकंदाच्या तीन शतांशांनी सिम्बू जिंकला आणि टांझानियाला या स्पर्धेतले पहिले सुवर्ण मिळाले. सामोआचा ॲलेक्स रोज थाळीफेकीत तिसरा आला. उरुग्वेच्या ज्युलिया पातेर्नेनला मॅरेथॉनमध्ये कांस्य मिळाले. दोन्ही देशांची ही पहिली पदके. ज्या देशाचा एकही खेळाडू पात्र ठरत नाही, त्यालाही आपला एक खेळाडू पाठवता येतो असा नियम या स्पर्धेत आहे. प्रक्षेपणाच्या हिशेबात तो नियम निव्वळ खर्च दिसेल. मला तो या स्पर्धेच्या घटनेतले सर्वांत मोलाचे कलम वाटतो.

आणि एक गोष्ट अजून झालेली नाही. टोकियो, ओसाका, देगू, बीजिंग, दोहा अशी आशियाई शहरे झाली, पण आफ्रिकेत ही स्पर्धा एकदाही भरलेली नाही. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या शर्यती ज्यांनी चाळीस वर्षे गाजवल्या, त्या केनिया आणि इथिओपियाच्या लोकांनी आपल्या खेळाडूंना स्वतःच्या भूमीवर या स्पर्धेचे विजेते होताना पाहिलेले नाही. २०२५ साठी नैरोबीने अर्ज केला होता, मान टोकियोला मिळाला.

आपल्याकडे या स्पर्धेचा हिशेब तीन पदकांत उरकला जातो. २००३ मध्ये पॅरिसला अंजू बॉबी जॉर्जचे ६.७० मीटर लांब उडीचे कांस्य, मग एकोणीस वर्षांनी युजीनला नीरजचे रौप्य आणि २०२३ मध्ये बुडापेस्टला त्याचे ८८.१७ मीटरचे सुवर्ण. या तीन पदकांच्या मधली माणसे कुणी मोजायची? बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०१९ मध्ये दोहात स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत इतरांच्या धडकाधडकीत अडकला, मागे पडला, तरी राष्ट्रीय विक्रम करून पोहोचला. भारताने तक्रार केली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतले गेले. तीन दिवसांनी त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंदांत पुन्हा राष्ट्रीय विक्रम केला आणि ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. निकालपत्रात त्याचे स्थान तेरावे आहे. नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे टोकियोत २.२८ मीटर उंच उडी मारून सहावा आला. जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. त्या आठवड्यात आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः नीरज आठवा का आला याची.

पुढची जागतिक स्पर्धा सप्टेंबर २०२७ मध्ये बीजिंगला आहे. मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा संपादकांना माझी विनंती आहे की त्या नऊ दिवसांत पदकतालिकेसोबत आपल्या प्रत्येक खेळाडूचे स्थान, त्याची वेळ किंवा अंतर आणि त्याची आधीची सर्वोत्तम कामगिरी रोज छापावी, प्राथमिक फेरीत थांबलेल्यांचीसुद्धा. वाचकांनी सकाळच्या सत्रातल्या फेऱ्या पाहाव्यात. आणि भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने जागतिक महासंघाच्या बैठकांत प्रकार कमी करण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला विरोध करावा, कारण आपल्या मुलींना आजवर जे मिळाले ते प्रकार वाढल्यामुळे मिळाले आहे.